वय झालं की नजर जाणारच, मग मॅक्युलाच्या आजाराला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न का म्हणतात?

वय झालं की दिसणं कमी होणारच, असं तुम्ही लिहिलंय. मी डोळे तपासायचं काम करते. हा समज रोज ऐकते, आणि पेशंट उशिरा येतात ते बऱ्याचदा त्याच्यामुळेच.

मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने परत येते. मॅक्युलाचं तसं नाही. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला, काही मिलिमीटरचाच भाग; पण वाचणं, सुई ओवणं, चेहरे ओळखणं सगळं त्याच्यावर. तिथल्या पेशी एकदा गेल्या की गेल्या. त्यातून एक डोळा बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो, त्यामुळे पत्ताच लागत नाही. कडेचं शेवटपर्यंत दिसतं. म्हणून घरभर न धडपडता फिरणारे आजोबा 'तू कोण?' म्हणाले की घरच्यांना ते सोंग वाटतं. (याचा मला फार राग येतो.)

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात २०२० मध्ये वयामुळे होणाऱ्या मॅक्युलाच्या या आजाराचे सुमारे १९.६ कोटी रुग्ण असणार होते आणि २०४० पर्यंत २८.८ कोटी होतील. माणसं जास्त जगताहेत, तेव्हा आकडा वाढणारच.

आजाराचा ओला प्रकार (पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढून गळतात तो) कमी जणांना होतो, पण नजर झपाट्याने नेतो. त्यावर २००६ पासून डोळ्यात द्यायची चांगली इंजेक्शनं आहेत. मात्र ती एकदा घेऊन भागत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी, कित्येकदा वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. दर वेळी सोबत कोण येणार, खर्च कोण करणार? औषध असूनही नजर जाते ती इथे, आणि हे एकट्या डॉक्टरने सुटणारं नाही.

कोरडा, म्हणजे अशी गळती नसलेला प्रकार बहुतेक रुग्णांना होतो आणि हळूहळू वाढतो. मधल्या टप्प्यावर ठरावीक जीवनसत्त्वं आणि झिंकच्या गोळ्यांनी आजार पुढे सरकण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला, असं २००१ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. निरोगी डोळ्यांनी त्या घेऊन उपयोग नाही. बीटा-कॅरोटीन असलेल्या गोळ्या धूम्रपान करणाऱ्यांनी तर टाळाव्यातच, फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आपल्या हातातलं सगळ्यात मोठं कारणही धूम्रपानच.

पन्नाशीनंतर अधूनमधून एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघा. सरळ कड वाकडी दिसली किंवा मध्ये डाग आला, तर त्याच आठवड्यात पडदा तपासून घ्या. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून थांबू नका.