खांद्यावरचा आकडा, पाठीमागचं नाव
वाचकांचे प्रश्न : पलटणीतले आणि पोलीस लाइनीतले जुने फोटो

पलटणीत किंवा पोलिसात गेलेल्या माणसांचे जुने फोटो घरात असतील तर त्यांच्याबद्दल विचारा, असं आवाहन केलं आणि मंडणगडापासून देवगडापर्यंतची पत्रं आली. माझ्या वडिलांचा दापोलीत फोटो स्टुडिओ होता. डार्करूममधलं काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. दुरुस्तीला आलेला फोटो ते आधी उलटा करून पाठ बघायचे आणि गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे, "यात कोण कोण आहे?" मीही पत्रं त्याच क्रमाने वाचली.

प्रश्न : आमच्याकडे पणजोबांचा फोटो आहे. तीन रांगांत शिपाई, मागे लांबलचक कौलारू इमारत. भिंगातून खांद्यावर ११० असा आकडा दिसतो. घरात सगळे म्हणतात की हा दापोली कँपातला फोटो. मागे काही लिहिलेलं नाही. खरं कसं कळणार? — एक वाचक, खेड

सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही आधीच शोधली आहे, तो आकडा. १९०३ साली सरसेनापती लॉर्ड किचनेरच्या काळात हिंदी फौजेतल्या पलटणींना नव्याने क्रमांक मिळाले. मुंबई इलाख्यातल्या बहुतेक जुन्या पलटणींच्या क्रमांकात तेव्हा शंभर मिळवले गेले. दहावी होती ती ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. १९२२ च्या फेररचनेत हे तीन आकडी क्रमांक गेले आणि ११० वी पलटण ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन बनली. म्हणजे तुमचा फोटो १९०३ ते १९२२ या वर्षांतला आहे. इतकी घट्ट मुदत फार थोड्या फोटोंना मिळते.

आता दापोलीचं. पेशवाई बुडाल्यावर १८१८ पासून दापोली ही दक्षिण कोकणची लष्करी छावणी होती. पण ती १८५७ च्या सुमारास मोडली. तुमच्या फोटोच्या काळात तिथे पलटण नव्हती, त्यामुळे मागची इमारत दापोलीतली असणं शक्य दिसत नाही. बेळगाव, पुणे किंवा पलटणीचा मुक्काम असेल ती दुसरी छावणी, असा शोध घ्या. कौलं भिंगाखाली बघा. चपटी, खाचेची मंगलोरी कौलं असतील तर मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला, त्यानंतरचं ते छप्पर. अर्धगोल नळ्यांचं असेल तर त्यावरून वर्ष सांगता येत नाही, कारण आपल्याकडे नळे पुढेही कितीतरी वर्षं शाकारले जात होते.

जोतंही बघा. पुरुषभर उंच जोतं, रुंद व्हरांडा, छपराच्या कण्यावर वारा जायला झरोके अशी बराक बहुधा गोऱ्या सोल्जरांसाठी बांधलेली असायची. हिंदी शिपाई लाइनीत राहत. एकोणिसाव्या शतकात बराच काळ त्या लाइनीतल्या झोपड्या शिपायांनाच स्वतः उभाराव्या लागत, सरकार थोडी रक्कम देई. फोटोसाठी मात्र पलटण बऱ्या इमारतीसमोर बसवत. पणजोबा ज्या इमारतीपुढे उभे आहेत तिथेच ते झोपत होते, असं म्हणून धरू नका.

मग घरच्यांनी दापोली का म्हटलं? माझ्या मते त्यांची आठवण खोटी नाही, ती पुढच्या काळाची आहे. छावणी मोडली तरी दापोलीत पेन्शनर राहिले. दक्षिण कोकणातून फौजेत गेलेली कितीतरी माणसं परत येऊन इथे स्थिरावली. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, फौजेतून निवृत्त झाल्यावर तेही काही काळ दापोलीत होते. पणजोबांचं म्हातारपण दापोलीच्या आसपास गेलं असेल तर मुलानातवंडांनी फोटोही तिथलाच मानला असेल. ही आठवण पुसू नका, "घरच्यांच्या सांगण्यानुसार दापोली" असं वेगळं लिहून ठेवा.

दुसरं काम घरातल्या पेटीत आहे. पहिल्या महायुद्धात ११० वी पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, होती आणि कूत अल अमाराच्या वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ला पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली आणि त्यांतली हजारो परत आली नाहीत. पणजोबा त्या काळात पलटणीत असतील तर त्यांना पदकं मिळाली असणार. गोल पदकाच्या कडेवर आणि १९१४-१५ च्या ताऱ्याच्या पाठीवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. कृपा करून ती चिंच-राखेने घासू नका. अक्षरं आधीच झिजलेली असतात.

आता ज्यासाठी मी एवढं लिहिलं ते सांगतो. तीन रांगांत पणजोबा एकटे नाहीत. त्या काळच्या मराठा पलटणींत कोकणी मराठ्यांची भरती वेगळी मोजली जाई आणि माणूस भरती व्हायचा तो भावकीतल्या, वाडीतल्या कुणाचा तरी हात धरून. त्या रांगांमधले काही चेहरे खेड, चिपळूण, संगमेश्वराकडचे असण्याची दाट शक्यता आहे. साहेबांच्या अल्बमांत अधिकाऱ्यांची नावं डावीकडून उजवीकडे ओळीने लिहिलेली सापडतात आणि शिपायांच्या फोटोखाली नुसतं पलटणीचं नाव. मला याचा फार त्रास होतो. ती नावं लंडनच्या कपाटात नाहीत, ती आपल्या माजघरात आहेत आणि दरवर्षी कमी होत चालली आहेत. फोटोची मोठी प्रत काढा आणि गणपतीला चाकरमानी घरी येतात तेव्हा सोयऱ्याधायऱ्यांकडे फिरवा. ऐंशीच्या पुढची एखादी आजी कपाळावरून, कानावरून माणूस ओळखते. ओळखला की त्याच क्षणी लिहा आणि कोणी ओळखला तेही लिहा. जे युद्धात मेले त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंद संगणकावर शोधता येते. काही हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला आढळतो.

प्रश्न : आजोबा मुंबईत पोलीस शिपाई होते. आजी नेहमी सांगायची, पिवळी पगडी आणि निळा डगला. फोटोत मात्र पगडी जवळजवळ काळी आणि डगला फिकट राखाडी दिसतो. फोटो दुसऱ्याच कुणाचा तर नाही ना? — एक वाचक, गुहागर

फोटो आजोबांचाच असू शकतो आणि आजीचं सांगणंही बरोबर आहे. मुंबई पोलिसांचा निळा डगला आणि पिवळी पगडी प्रसिद्धच होती. जुन्या काचेच्या प्लेटांना सगळे रंग सारखे दिसत नसत. निळ्या उजेडाने त्या पटकन भाजायच्या, पिवळ्याने फार थोड्या आणि लालने जवळजवळ नाहीच. त्यामुळे कागदावर निळं खऱ्यापेक्षा फिकट उतरे, पिवळं गडद आणि लाल तर काळंच. सगळे रंग नीट ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरात यायला १९२० नंतरचा काळ उजाडला. वडील डार्करूममध्ये जुन्या प्लेटा तांबड्या दिव्याखाली धुवायचे ते प्लेटांना लाल दिसत नसे म्हणूनच.

म्हणूनच अशा फोटोंवर संगणकाने रंग चढवून घेऊ नका, असं मी सगळ्यांना सांगतो. यंत्र आजोबांना काळी पगडी आणि करडा डगला घालील आणि नातवंडं तेच खरं मानतील. आजीचं वाक्य तिच्याच शब्दांत फोटोच्या पाकिटावर लिहा.

पाठीवर किंवा पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला स्टुडिओचं नाव, रस्ता छापलेला आहे का? असे बरेच फोटो मुंबईत काढून बोटीने गावी यायचे. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग या बंदरांत बोट लागली की चाकरमान्याच्या ट्रंकेत कापडाच्या घडीत ठेवलेला फोटो असायचा. मागे रंगवलेला पडदा, कुंडी, नक्षीची खुर्ची दिसली तर ते सामान स्टुडिओचं. त्यावरून घरच्या परिस्थितीचा अंदाज करू नका.

प्रश्न : बंदूकधारी पोलिसांची तुकडी एका घराच्या अंगणात उभी आहे, असा फोटो आमच्याकडे आहे. तो चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाचा, असं आम्ही ऐकत आलो. गावच्या स्मरणिकेत तसं छापावं का? — एक वाचक, उरण तालुका

फोटोची प्रत तुम्ही पाठवलीत हे बरं केलं. चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगराशी गोळीबार झाला तो २५ सप्टेंबर १९३० रोजी. सप्टेंबर अखेरीस आपल्याकडे काय दिसतं? भात पोटरीला आलेलं, बांधावर गवत गुडघाभर, अंगणात अजून चिखल. तुमच्या फोटोत अंगणात मांडव घातलेला आहे, शेतं मोकळी आहेत आणि डाव्या बाजूला जमिनीवर काळे चौकोन दिसतात. ते भाजावळीचे. रोपासाठी शेणी, कवळ, पातेरा अंथरून जमीन भाजतात ती पाऊस येण्याआधी, उन्हाळ्यात. अंगणातला मांडवही पाऊस संपल्यावर घालतात आणि मृगाच्या आधी काढतात.

हा फोटो त्या दिवसाचा नाही. त्याच गावातला, त्या धामधुमीच्या आधीचा किंवा नंतरचा असू शकेल, पण त्यासाठी घर ओळखावं लागेल. पायरीची बांधणी आणि तुळशीवृंदावन स्पष्ट आहे, त्यावरून घरधनी सापडेल. तोवर "पोलीस तुकडी, उरण परिसर, उन्हाळा" एवढंच छापा. चिरनेरला माणसं मेली आहेत. त्यांच्या नावाखाली भलत्या दिवसाचा फोटो जाता कामा नये.

प्रश्न : आमच्या घराण्यातले तीन पिढ्यांचे पुरुष पलटणीत होते असं वडील सांगत. महार समाजातले आम्ही. एकही फोटो नाही. कुठे शोधू? — एक वाचक, मंडणगड

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. साध्या शिपायाचा एकट्याचा फोटो एकोणिसाव्या शतकात निघणं दुर्मीळच होतं आणि १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत महारांची भरतीच बंद झाली. नेमका कॅमेरा स्वस्त होत असताना तुमच्या माणसांना फौजेची दारं लागली. निवृत्त होऊन दापोलीत राहिलेले गोपाळबाबा वलंगकर यांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये अर्ज तयार केला होता. पुढे १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला सुरू झाली.

त्यामुळे फोटो शोधायचा तर १९१७ ते १९२१ आणि १९४१ नंतर, या दोन काळांत नशीब अजमावा. त्याआधीच्या पिढ्यांसाठी कागद शोधा. पेन्शनचे दाखले, जमिनीच्या जुन्या नोंदी, मुंबईच्या पुराभिलेखागारातली लष्करी खात्याची दप्तरं. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं दगडात कोरलेली आहेत, तीही नावं आपल्या घराण्याशी ताडून बघा. आणि वडिलांनी सांगितलेलं सगळं आजच वहीत उतरवा. पलटणीचं नाव, गावं, लढाया, जे जे आठवतं ते. फोटो सापडला तरी त्यातला माणूस ओळखायला ही वहीच लागणार आहे.

प्रश्न : सासऱ्यांचा गणवेशातला फोटो काचेला चिकटला आहे. कडेला चंदेरी चकाकी आलीय आणि पावसाळ्यात बुरशीचे ठिपके. ओढून काढू का? — एक वाचक, देवगड

ताई, ओढू नका. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओलाव्याने काचेला धरला आहे, ओढलात तर चेहरा काचेवर राहील आणि कागद हातात येईल. काचेसकटच त्याचा फोटो काढून घ्या. सकाळी व्हरांड्यात, ऊन थेट पडणार नाही अशा उजेडात, समोर काळं कापड धरून, म्हणजे काचेत तुमचीच सावली येणार नाही.

चंदेरी चकाकी ही बुरशी नव्हे. फोटोतली चांदीच वर आलेली असते, तिला पुसू नका. बुरशीचे ठिपके पावसात तर अजिबात झाडू नका, मऊ होऊन आत जिरतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मऊ ब्रशने अलगद, नाकातोंडाला फडकं बांधून झाडा. पाणी, रॉकेल, स्पिरिट, काही लावायचं नाही. सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन तर नकोच. बाहेरच्या भिंतीला टांगू नका, चिऱ्याची भिंत पावसाळाभर ओल धरते. आतल्या भिंतीला लावा आणि फ्रेमच्या मागे बुचाचे दोन तुकडे ठेवा म्हणजे हवा खेळेल.

प्रश्न : मुंबईचा एक संग्राहक आमच्या फोटोला चांगले पैसे देतो म्हणतो. द्यावा का? — एक वाचक, मालवण

विकायचा की नाही हे घरच्यांनी ठरवायचं. विकणार असाल तर आधी दोन्ही बाजू ६०० डीपीआयने स्कॅन करा आणि त्या फाइली भावंडांच्या घरी ठेवा. मऊ पेन्सिलीने, फार न दाबता, पाठीवर नाव, गाव, तालुका, पलटण किंवा ठाणं लिहा. मग तो फोटो कुठेही गेला तरी त्याच्याबरोबर नाव जाईल.