शोकसभेत हसू आलं तर?

"शोकसभेत दोन शब्द बोलायचेत. एक गमतीची आठवण सांगावीशी वाटते, पण लोक काय म्हणतील?" हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आला आहे की आता लिहूनच टाकते. गंमत म्हणजे विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा गेलेल्या माणसाच्या सगळ्यात जवळची असते. लांबच्यांना असले प्रश्न पडत नाहीत; ते छापील भाषण करून मोकळे होतात.

अशाच एक बाई वडील गेल्यावर आल्या होत्या. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) भाषण लिहून आणलं होतं. त्यात 'शिस्तप्रिय', 'कर्तव्यदक्ष', 'आधारवड' असं सगळं होतं; वडील मात्र कुठे दिसेनात.

"घरात कसे होते ते?" मी विचारलं.

"प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावायचे. डबे, वायरी, दिव्यांची बटणं. एका बटणावर लिहिलं होतं, 'हे कशाचंच नाही.'" त्या थांबल्या. "परवा कपाट आवरताना किल्ल्यांचा जुडगा सापडला. त्यालाही चिठ्ठी. 'कशाच्या आहेत माहीत नाही. टाकू नये.'"

एवढं बोलून त्या खळखळून हसल्या आणि त्याच श्वासात रडू लागल्या. वडील गेल्यापासून त्या तोवर रडल्याच नव्हत्या. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हा आमच्या समुपदेशनाच्या कामातला सर्वांत अवघड भाग, आणि तो मला जमतो असं म्हणायला हरकत नसावी.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "हे सभेत कसं सांगू? दादा म्हणतो, तमाशा करू नकोस."

"आत्ताचं हसू तुम्ही आणलंत, की बाबांनी?"

बराच वेळ गेला. मग हळूच, "बाबांनी."

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. बोलणारा स्वतःची हुशारी दाखवायला विनोद करतो तेव्हा तो सभेला खटकतो. गेलेल्या माणसाच्या तऱ्हेतून आलेलं हसू खटकत नाही, कारण तेवढ्यापुरता तो माणूस सगळ्यांना पुन्हा भेटतो. दुःख म्हणजे अखंड रडणं, असं मी मानत नाही. माणूस दुःखात शिरतो, बाहेर येतो, पुन्हा शिरतो. हसू ही मधली दम घेण्याची जागा. जॉर्ज बोनॅनो आणि डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांनी जोडीदार गमावलेल्यांच्या मुलाखती अभ्यासल्या होत्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, आठवणी सांगताना ज्यांचं हसू डोळ्यांपर्यंत पोचत होतं त्यांच्यात राग कमी आणि इतरांशी संबंध बरे आढळले. हसल्यामुळेच असं झालं, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण हसणाऱ्याला दुःखच नाही, हा समज मात्र त्यापुढे टिकत नाही.

मग मी त्यांना सांगितलं ते थोडक्यात असं. आठवण आधी आईला आणि दादाला ऐकवा. सभेत ती पहिल्यांदा त्यांच्या कानांवर पडता कामा नये. आईला नको असेल तर विषय संपला. जवळच्या माणसाचा नकार तुमच्या भाषणापेक्षा मोठा. आजारपणातले हाल, व्यसन, पैशांचे वाद, नात्यातली जुनी उणीदुणी यांवर विनोद नको. गेलेल्या माणसाला समोर बसून जे ऐकायला आवडलं असतं, तेवढंच घ्या. सुरुवात विनोदाने नको. आधी ते कोण होते आणि तुमचं काय गेलं ते सरळ सांगा. एक-दोन आठवणी पुरेत. कागद मोठ्या अक्षरांत लिहा आणि एक प्रत जवळच्या कुणाकडे ठेवा, म्हणजे कंठ दाटला तर पुढचं ती व्यक्ती वाचेल.

मृत्यू अकाली, अपघाती किंवा आत्महत्येने झाला असेल, किंवा मूल गेलं असेल, तर मी सहसा थांबायला सांगते. हसू तिथेही येतं, पण ते घरातल्यांनी आणायचं, घरातच. भाषण करणाऱ्याने नाही.

त्यांच्या आईला किल्ल्यांची गोष्ट ऐकून आणखी तीन चिठ्ठ्या आठवल्या. दादाने त्यांतली एक गाळायला लावली, ती योग्यच गाळली.

"आणि कुणी हसलंच नाही तर?" जाताना त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हशासाठी थांबूच नका. 'बाबा काहीही टाकून देत नसत' हे पुढचं वाक्य लगेच वाचा. हसू आलं तरी ते शोभेल, नाही आलं तरी अडणार नाही.