‘अफलातून’ सात वेळा

प्रिय दोस्ता,

पिक्सीज या अमेरिकन रॉक बॅन्डवरचा तुझा लेख वाचला. त्यात तुझं प्रेम दिसतं, पण बॅन्ड दिसत नाही. ‘अफलातून’ सात वेळा आलंय आणि बास गिटार एकदाही नाही.

आधी ऐकण्याची सोय नीट कर. मोबाइलच्या स्पीकरवर हा बॅन्ड अर्धाच पोचतो. बासची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. एवढ्याशा स्पीकरला तो खर्जातला स्वर झेपत नाही. मग कडव्यात गिटार थांबली की तिथं काहीच नाही असं वाटतं, आणि तू तसंच लिहिलंयस. वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घे. इक्वलायझर बंद कर. अ‍ॅपमधली आवाजाची पातळी ‘लाऊड’वर असेल तर ‘नॉर्मल’वर आण. आणि बेळगावात जुलैचा पाऊस पत्र्यावर कोसळत असताना ऐकायला बसू नकोस. हळू जागा पावसात वाहून जातात, आरडाओरडा तेवढा उरतो.

मग एकच गाणं चार वेळा ऐक: एकदा ड्रम, एकदा बास, एकदा गिटार, एकदा गळा. वहीत चार रकाने पाड, डावीकडे मिनिट-सेकंद. कोण कधी आलं यापेक्षा कोण कधी थांबलं ते आधी टिप. ‘हळू, मग एकदम जोरात’ एवढं सगळेच लिहितात. ते घडतं कसं, ते सांग. आपल्याकडे एकादशीच्या भजनात पखवाज, टाळ आणि लय मिळून रंग चढवतात. इथं लय बहुधा तिथंच राहते. कडव्यात बास आणि ड्रम एवढंच, गळा जवळजवळ कुजबुजतो. धृपदाला गिटारी एकदम आत येतात. त्या मोठ्या वाटतात त्या आधी जागा रिकामी ठेवलेली असते म्हणून. त्यांचा गिटारवाला जोई सँटियागो तार खेचून एकच सूर धरून ठेवतो ना, तो आपल्या मींडेच्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, शेजारी ठेवून बघ. मात्र मींड अलगद उतरते, हा सूर टोचतो. हा फरकच लिहिण्यासारखा आहे.

इतिहासाला तू दीड पान दिलंयस, चार ओळी पुरेत. १९८६, बॉस्टन. बास वाजवणारं कुणी हवं म्हणून जाहिरात दिली, त्यात हुस्कर डू हा गोंगाटी बॅन्ड आणि पीटर, पॉल अँड मेरी हे लोकगीतवाले, दोन्ही आवडणारा माणूस मागितला होता. किम डील आली. त्या दोन टोकांतच या बॅन्डचा सगळा आवाज आहे, म्हणून ही गोष्ट ठेव; कोण कुठल्या कॉलेजात होतं ते काढ.

‘सर्फर रोझा’ (१९८८) आणि ‘डूलिटल’ (१९८९) या त्यांच्या दोन अल्बमचे ड्रम लागोपाठ ऐक. पहिला स्टीव्ह अल्बिनीने रेकॉर्ड केला: ठोक्यामागे खोली ऐकू येते. दुसरा गिल नॉर्टनचा, जास्त घासूनपुसून. कुठला आवडतो ते बेधडक लिही, पण ठोक्यावर बोट ठेवून.

शब्दांचं भाषांतर करत बसू नकोस. कित्येक ओळी अर्थापेक्षा उच्चारासाठी आहेत. मराठीत आणल्या की नुसत्या विचित्र दिसतात.

आणि किम डीलचं नाव शेवटून दुसऱ्या परिच्छेदात पडलंय, ते वर घे.