आधी प्रश्न सुटे कर

बाळा,

मित्रांच्या ग्रुपवर आरक्षणावरून दोन तट पडले आणि आता दोन्हीकडचे तुला विचारतात, "तू कुणाचा?" याला उत्तरच देऊ नकोस. आधी प्रश्न सुटे कर.

'मराठा आरक्षण' या दोन शब्दांत निदान तीन प्रश्न आहेत. समाज मागास आहे का? पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडावी का? जुन्या कुणबी नोंदींवरून ओबीसीचे दाखले द्यावेत का? मर्यादेवर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने 2018 चा कायदा 5 मे 2021 रोजी रद्द केला. फेब्रुवारी 2024 चा 10 टक्क्यांचा कायदा स्वतंत्र प्रवर्गाचा आहे, त्यात ओबीसींच्या वाट्याला हात लागत नाही. त्यांची धास्ती आहे ती तिसऱ्या प्रश्नाची: आपल्या 19 टक्क्यांत वाटेकरी वाढतील ही. तिन्हींची एकदा मोट बांधली की माणसाला सगळ्याला हो किंवा सगळ्याला नाही म्हणावं लागतं. मग सरपंच कुणाचा, किराणा कुणाकडून, लग्नाला जायचं की नाही, सगळं त्याच मोटेत जातं.

2 सप्टेंबर 2025 चा हैदराबाद गॅझेटियरचा, म्हणजे निजामाच्या काळातल्या सरकारी नोंदींवरचा, जीआर काढ आणि वाच. एक जण म्हणतो, सरसकट सगळे ओबीसी झाले. दुसरा म्हणतो, हातात काहीच पडलं नाही. जीआरमध्ये आहे ती कुणबी दाखल्यासाठीच्या चौकशीची पद्धत. जमिनीचा पुरावा नसेल तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वी पूर्वज त्या भागात राहत होते असं प्रतिज्ञापत्र, मग गावपातळीवरच्या समितीची चौकशी. इतकं वाचल्याशिवाय भांडणारा कुठल्याही बाजूचा असो, मला त्याचा राग येतो.

ग्रुपवर वाद घालू नकोस. तिथे माणूस तुझ्याशी बोलत नसतो, बघणाऱ्यांसाठी बोलतो, आणि माघार घेतली तर चारचौघांत नाक कापलं जातं. एकेकट्याला गाठ. विचार, "तुमच्या बाजूचं कुठलं म्हणणं तुला स्वतःला पटत नाही?" उत्तर यायला वेळ लागतो, मध्ये बोलू नकोस. आणि वीट आला म्हणून ग्रुप मात्र सोडू नकोस! मधली माणसं उठून गेली की फक्त टोकं उरतात, आणि टोकांना वाटतं की गाव म्हणजे आपणच.

तुला कुंपणावरचा म्हणतील. मलाही म्हणतात. तिन्ही प्रश्नांवर माझी मतं ठाम आहेत, फक्त ती तिन्ही एका बाजूला जात नाहीत, आणि कुणाच्या सोयीसाठी मी ती तशी नेणार नाही.

प्रश्न सुटे कर. जीआरच्या दोन प्रती छापून घे, एकेक दोघांच्या हातात दे, आणि आधी तिसऱ्या प्रश्नावरच बोला.