दिवंगत धर्मगुरूंचे स्मरण : वाचकांचे प्रश्न

कॅथोलिक चर्चमध्ये नोव्हेंबर हा मृतांसाठी प्रार्थना करण्याचा महिना. तो जवळ आला की दिवंगत धर्मगुरूंविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून पत्रे येऊ लागतात. त्यांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण ते काम खरोखर हाती घेण्याजोगे आहे आणि उशीर केला तर माहिती देणारी माणसेच उरणार नाहीत.

आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सेवा केलेल्या सर्व दिवंगत धर्मगुरूंची स्मरणिका काढायची आहे. चर्चमध्ये नावांचा फलक आहे. तो पुरेल का? सुरुवात कुठून करावी? (युवा गट, ठाणे पश्चिम)

फलक पुरणार नाही. अशा फलकांवर बहुधा फक्त प्रमुख धर्मगुरूंची नावे असतात. घरोघरी फिरणारे, आजाऱ्यांना कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) नेणारे, मुलांना धर्मशिक्षण देणारे साहाय्यक धर्मगुरू त्यावर नसतात. शाळेचे मुख्याध्यापक म्हणून आलेले आणि रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, मदत करणारे धर्मगुरूही सुटतात. शिवाय बदल्या बहुधा उन्हाळ्यात होत असल्याने फलकावर एकाच वर्षापुढे दोन नावे येतात आणि कोण कोणत्या महिन्यापर्यंत होते ते कळत नाही.

खरा आधार बाप्तिस्म्याच्या रजिस्टरचा. चर्चच्या कायद्याच्या ५३५व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामाला बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांची रजिस्टरे ठेवावीच लागतात, आणि बाप्तिस्म्याच्या प्रत्येक नोंदीत तो संस्कार देणाऱ्याचे नाव असते. एखाद्या धर्मगुरूने दिलेला पहिला आणि शेवटचा बाप्तिस्मा शोधला की त्यांचा तिथला काळ जवळपास महिन्यापर्यंत बांधता येतो. तीच नावे विवाहाच्या रजिस्टरशी ताडून पाहा. एखादे नाव एकदाच दिसले, तर ते बहुधा कुटुंबाचे नातेवाईक म्हणून आलेले पाहुणे धर्मगुरू असतात. त्यांना यादीत घालू नका.

ही रजिस्टरे सर्वांना खुली नसतात, आणि तसेच असायला हवे. त्यांत कुटुंबांच्या खासगी गोष्टी असतात. प्रमुख धर्मगुरूंना लेखी विनंती करा, तुमच्यातल्या दोघांची नावे द्या, ऑफिसातच बसून काम करा. धर्मगुरूचे नाव आणि तारीख एवढेच उतरवा. पानांचे सरसकट फोटो काढू नका. जुने रजिस्टर झेरॉक्स मशीनवर उलटे दाबू नका, शिवण सुटते.

पोर्तुगीज भाषेतल्या जुन्या नोंदींत तारखेचा एक सापळा असतो. महिना ७ आकडा आणि त्यापुढे ‘ब्रो’ असा लिहिला असेल तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. तसेच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. यामुळे दोन महिन्यांची चूक सहज होते आणि मग पुण्यतिथीच चुकीच्या दिवशी पाळली जाते. दुसरी अडचण सारख्या नावांची. जुन्या काळी गोव्याहून आलेल्या धर्मगुरूंमध्ये एकाच नावा-आडनावाचे दोघे-तिघे सापडतात. जन्मगाव आणि गुरुदीक्षेचे वर्ष यांवरूनच त्यांना वेगळे करता येते.

मृत्यूची नोंद आपल्याच धर्मग्रामात असेल असे धरून चालू नका. ठाण्यात वीस वर्षे काढलेले धर्मगुरू मुंबईच्या रुग्णालयात वारले आणि वसईच्या किंवा गोव्याच्या मूळ गावी पुरले गेले, तर चर्चची नोंद तिकडे आणि महापालिकेची नोंद मुंबईत असते. धर्मगुरू एखाद्या संन्यस्त संघाचे असतील, म्हणजे येशूसंघीय, सालेशियन किंवा गोव्यातल्या पिलारचे, तर त्या संघाच्या प्रांतीय कार्यालयाला विचारा. संघांकडे दिवंगतांची तारीखवार यादी असते आणि ज्या दिवशी जो वारला त्याचे नाव त्या दिवशी प्रार्थनेत घेतात. तुमच्या स्मरणिकेचा सांगाडाही तसाच तारीखवार ठेवा. सेवाकाळाप्रमाणे लावलेली यादी वाचायला बरी असते, पण वर्षभर प्रार्थनेसाठी ती कुणी उघडत नाही. धर्मप्रांतीय, म्हणजे संघाचे नसून थेट बिशपांच्या हाताखालच्या, धर्मगुरूंची माहिती धर्मप्रांताच्या निर्देशिकेतून मिळते. मात्र १९२८ पूर्वीचा काळ असेल तर साष्टी आणि वसईचा मोठा भाग तेव्हा दमण धर्मप्रांताकडे होता हे लक्षात ठेवा. मुंबईच्या कार्यालयात कागद सापडला नाही म्हणजे तो अस्तित्वातच नाही असे नव्हे.

प्रत्येक नोंदीत पूर्ण नाव, जन्माची तारीख आणि गाव, आई-वडिलांची नावे, गुरुदीक्षेची तारीख आणि ठिकाण, कोणत्या पदावर कधीपासून कधीपर्यंत, मृत्यूची तारीख आणि कबर कुठे आहे हे यावे. कबरीवरच्या दगडावरून तारीख घेताना जपा. काही ठिकाणी मृत्यूऐवजी दफनाचा दिवस कोरलेला असतो. तारीख दोन ठिकाणांहून जुळली तरच पक्की लिहा, नाहीतर फक्त वर्ष लिहा.

त्यानंतर चार-पाच ओळी कामाविषयी. इथेच बहुतेक स्मरणिका फसतात. ‘प्रेमळ, त्यागमूर्ती, सर्वांचे लाडके’ हे कुणाविषयीही लिहिता येते. पानभर तेच वाचले की एकाही फादरांचा चेहरा उभा राहत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना ‘थोर साहित्यिक आणि पर्यावरणप्रेमी’ म्हणून काही हाती लागत नाही. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, हरित वसईच्या लढ्यातले पुढारी, २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, निधन २५ जुलै २०२४, असे लिहिले की माणूस दिसतो. तुमच्या धर्मग्रामातल्या फादरांविषयीही हेच विचारा. पतपेढी कुणी सुरू केली? मिस्सा मराठीत कुणी आणली? पुराच्या वेळी शाळेचे वर्ग कुणी उघडून दिले? ज्येष्ठांना ‘फादर कसे होते?’ असे विचारले तर ‘फार चांगले’ एवढेच उत्तर येते. ‘त्या वर्षी ते तुमच्या घरी कशासाठी आले होते?’ असे विचारा, म्हणजे आठवण सुटते. पापनिवेदनात काय बोलणे झाले हे मात्र कुणी स्वतःहून सांगितले तरी छापू नका.

जुने फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मूळ फोटो लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात लॅमिनेशनच्या आत बुरशी धरली की फोटो वाचत नाही. नावे मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. फोटोत उभे असलेल्या सर्वांची नावे आजच विचारून घ्या.

ठाण्यात मरण पावलेले सर्वांत जुने ज्ञात धर्मगुरू कोण? त्यांनाही स्मरणिकेत घ्यावे का? (वाचक, चरई)

जरूर घ्या. पोर्तुगीज येण्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी, १३२१ साली, फ्रान्सिस्कन संघाचे चौघे ठाण्यात मारले गेले. टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स आणि तिफ्लिसचे दिमित्री यांना ९ एप्रिलला, तर सिएनाचे पीटर यांना दोन दिवसांनी, ११ एप्रिलला मृत्यू आला. ते चीनकडे निघाले होते. डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डन यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. पुढे पोर्देनोनेचे ओडोरिक इथे आले, त्यांनी अस्थी काढून चीनच्या किनाऱ्यावरच्या झैतून बंदरापर्यंत, म्हणजे आजच्या च्वानचौपर्यंत नेल्या आणि हा वृत्तांत लिहून ठेवला.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. चौघांनाही ‘फादर’ लावू नका. थॉमस धर्मगुरू होते, दिमित्री मात्र ब्रदर, म्हणजे गुरुदीक्षा न झालेले संघबंधू, होते. आणि या घटनेला तलावपाळीजवळच्या संत योहान बाप्टिस्टा चर्चच्या इतिहासाशी जोडू नका. ते चर्च पोर्तुगीज काळातले आहे, मधे दोन शतकांहून मोठी पोकळी आहे. ९ एप्रिल पुष्कळदा पवित्र सप्ताहात किंवा पुनरुत्थानाच्या आठवड्यात येतो, त्यामुळे जाहीर स्मरण ठेवायचे तर आधी कॅलेंडर पाहा.

आमच्या फादरांची पुण्यतिथी यंदा प्रायश्चित्तकाळातल्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या) रविवारी येते. त्या दिवशी त्यांच्यासाठी मिस्सा होईल का? आणि ग्रेगोरियन मिस्सा म्हणजे काय? (वाचिका, नेरूळ)

होईल. कुणासाठी मिस्सा अर्पण करायची आणि मृतांसाठीच्या खास प्रार्थनांची मिस्सा करायची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कोणत्याही रविवारी चालते: मिस्सा रविवारचीच असते, हेतू तुमच्या फादरांचा. दुसरी, म्हणजे मृतांच्या मिस्सेची प्रार्थना आणि वाचने, आगमनकाळ (नाताळपूर्वीचा), प्रायश्चित्तकाळ आणि पुनरुत्थानकाळ (ईस्टरपासूनचा) यांतल्या रविवारी चालत नाही. पहिल्या वर्षश्राद्धाला थोडी अधिक सवलत आहे, पण राखेचा बुधवार आणि पवित्र सप्ताह तेव्हाही वर्ज्य. तुम्हाला खास मिस्साच हवी असेल तर मधल्या वारी घ्या. मिस्साग्रंथात मृत धर्मगुरूसाठी वेगळी प्रार्थना दिलेली आहे. ऑफिसात नाव देताना ‘धर्मगुरू’ असे स्पष्ट लिहा, म्हणजे तीच प्रार्थना निवडली जाईल. नुसते नाव दिले तर सर्वसाधारण प्रार्थना होते.

ग्रेगोरियन मिस्सा म्हणजे एकाच मृत व्यक्तीसाठी सलग ३० दिवस ३० मिस्सा. त्यात दुसऱ्या कुणाचे नाव मिसळता येत नाही. धर्मगुरू आणि ठिकाण बदलले तरी चालते, दिवस मात्र सलग हवेत. धर्मग्रामात रोजच्या मिस्सांचे हेतू आधीच भरलेले असतात, म्हणून तिथे हे जमणे अवघड. संघांची घरे किंवा निवृत्त धर्मगुरू यांच्याकडे विचारा.

एका मिस्सेत अनेकांची नावे वाचायची असतील तर देणगी देणाऱ्या प्रत्येकाला ते आधी सांगायला हवे आणि त्याची संमती हवी. सर्व मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, धर्मगुरूंना तीन मिस्सा करता येतात, ही परवानगी १९१५ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी दिली. पण तिन्ही तुमच्या फादरांसाठी मागू नका. दुसरी सर्व मृतांसाठी आणि तिसरी पोप यांच्या हेतूंसाठी असते.

धर्मगुरूच्या अंत्यविधीला भाषणे कधी करावीत? मिस्सा फार लांबते. (वाचक, कळवा)

प्रवचनात व्यक्तीचे गुणगान करायचे नसते, असा नियमच आहे. तिथे शुभवर्तमान आणि पुनरुत्थानाची आशा यांवर बोलायचे. आठवणींचे चार शब्द कम्युनियननंतरची प्रार्थना झाल्यावर, अखेरच्या निरोपाच्या विधीआधी. एकच वक्ता, पाच मिनिटे. कुटुंब, संघ, शाळा, धर्मग्राम अशा सर्वांना बोलायचे असेल तर आदल्या संध्याकाळी पार्थिवाजवळ प्रार्थनासभा ठेवा. तिथे घड्याळाची घाई नसते, आणि लोक खरे बोलतात.

धर्मगुरूंची शवपेटी इतरांहून उलटी का ठेवतात? (वाचक, ऐरोली)

प्रार्थनासभेत जो ज्या बाजूला असे, त्याच बाजूला तोंड करून त्याला ठेवण्याची प्रथा आहे. सामान्य भाविकाचे पाय वेदीकडे असतात, म्हणजे तोंड वेदीकडे. धर्मगुरू वेदीवरून लोकांकडे पाहत असत, म्हणून त्यांचे डोके वेदीकडे आणि पाय लोकांकडे. अंगावर मिस्सेची वस्त्रे असतात, पेटीवर शुभवर्तमानाचा ग्रंथ ठेवतात. उचलणाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पेटी वेदीपुढे आणून फिरवावी लागते.

वाशीच्या फादर ॲग्नेल संस्थेमुळे नाव ओळखीचे आहे. त्यांच्या फोटोला हार घालून प्रार्थना केली तर चालेल का? ते संत आहेत का? (पालक, वाशी)

ॲग्नेल डिसोझा यांचा जन्म २१ जानेवारी १८६९ रोजी गोव्यात हणजूण येथे झाला. ते पिलारच्या संघाचे धर्मगुरू. २० नोव्हेंबर १९२७ रोजी राशोल येथे त्यांचे निधन झाले. १९८६ साली त्यांना ‘वंदनीय’ घोषित केले गेले. त्यापुढे ‘धन्य’ आणि मग ‘संत’ या पायऱ्या आहेत, म्हणून आज ‘संत ॲग्नेल’ लिहिणे चूक आहे.

घरी किंवा मनात त्यांना मध्यस्थीची विनंती करायला काहीच हरकत नाही. उलट तशा प्रार्थनांचा आणि मिळालेल्या कृपेचा लेखी अनुभव पिलारला कळवावा. जाहीर पूजन मात्र ‘धन्य’ घोषणेनंतरच. चर्चच्या वेदीवर फोटो ठेवणे, डोक्यामागे तेजोवलय काढणे, त्यांच्या सन्मानार्थ मिस्सा करणे हे टाळा. शाळेच्या सभागृहात २० नोव्हेंबरला फोटोला हार घालणे हा आपल्याकडचा आदराचा रिवाज आहे, तो खुशाल पाळावा. त्यासोबत मुलांना ते कोण होते हेही सांगावे, एवढी आमची मनापासून विनंती.

इतर दिवंगत धर्मगुरूंच्या बाबतीत, ते कितीही पुण्यशील असले तरी, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. त्यांनाही आपल्या प्रार्थनेची गरज आहे. ‘फादर थेट स्वर्गातच गेले’ असे म्हणून मिस्सा थांबवणे हा त्यांच्यावर अन्याय होतो.

दफनभूमीतल्या फादरांच्या कबरीचा संगमरवर काळा पडला आहे. नोव्हेंबरआधी कसा साफ करावा? (वाचक, कोपरी)

ॲसिड अजिबात नको. संगमरवर त्यात विरघळतो आणि आधीच उथळ झालेली अक्षरे कायमची जातात. तारेचा ब्रशही नको. पाऊस सरल्यावर दगड साध्या पाण्याने भिजवा, नायलॉनच्या मऊ ब्रशने खालून वर घासा, भरपूर पाण्याने धुवा. शेवाळ एका धुण्यात निघाले नाही तर आठवड्याने पुन्हा करा. अक्षरांत रंग भरायचा असेल तर दगड दोन-तीन दिवस उन्हात पूर्ण वाळू द्या, ओल्यावर भरलेला रंग पुढच्या पावसात सोलून निघतो. सुरू करण्याआधी अक्षरांचा फोटो काढा. प्रकाश बाजूने, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पडलेला असावा, कारण भर दुपारी उथळ अक्षरे दिसत नाहीत. तोच फोटो स्मरणिकेच्या नोंदीसाठीही वापरता येईल. दगड फुटला असेल तर नवा बसवण्याआधी प्रमुख धर्मगुरूंची परवानगी घ्या आणि जुन्या दगडावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून ऑफिसात द्या.