तिचे घास मोजले, त्याच्याकडे पाहिलंच नाही

"मुलीचं वजन फार वाढतंय, काहीतरी करा." हे इतक्यांदा ऐकलंय, की आता माझी नजर आधी तिच्या भावाकडे वळते.

त्या आईबरोबर बारा वर्षांची लेक होती. दहा वर्षांचा धाकटा कोपऱ्यात मोबाइलवर गेम खेळत होता. "त्याचं काही नाही मॅडम, तो अंगानंच भरलेला. उंची वाढली की झडेल."

मी दोघांना कागद दिले. कालचा दिवस घड्याळासारखा काढा म्हटलं. त्याच्या घड्याळात शाळा सुटल्यापासून रात्री अकरापर्यंत एकच रंग, स्क्रीनचा, जेवणही त्यातच. तिनं साडेअकराच्या जागी एक छोटा चौकोन काळा केला होता. हे काय, विचारलं तर गप्प.

चौथ्या भेटीत ती आईला म्हणाली, "त्याला तू न विचारता वाढतेस. मला विचारतेस, 'अजून?' मग मी सगळे झोपल्यावर खाते."

आई पर्सची चेन उघडझाक करत राहिली. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला मला बरीच वर्षं लागली, पण आता जमतं. माझ्या लेखी वजनकाट्यावर एक मूल उभं असलं, तरी तपासायचं असतं अख्खं घर.

दोघांनाही बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मुलगे-मुलींचे वाढीचे तक्ते वेगळे असतात. वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी धरते, मुलग्यांचे स्नायू जास्त वाढतात; हे निसर्गाचंच. तक्त्यावर ती जादा वजनाच्या रेषेच्या जेमतेम वर निघाली, तो थेट लठ्ठपणात. यात नवल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या आकड्यांत 5 ते 19 वयाचे 9 टक्के मुलगे लठ्ठ होते, मुली 7 टक्के.

हालचालीत मात्र मुली मागे. 2016 मध्ये जगभरात 11 ते 17 वयाच्या 85 टक्के मुलींची पुरेशी हालचाल होत नव्हती. मुलग्यांत हे प्रमाण 78. हिनं मैदान का सोडलं? धावताना कुणीतरी तिच्या अंगावरून हसलं होतं. घरी कुणी विचारलंच नव्हतं.

आईला सांगितलं: ताटावरून टोमणे बंद, दोघांना सारखं वाढा, भूक त्यांची त्यांना ओळखू द्या. जेवताना स्क्रीन नको. रोज तासभर अंग हलेल असं काहीतरी, तिला आवडेल तेच. धाकट्याला किमान नऊ तास झोप.

पुढच्या भेटीत धाकटा तणतणत आला. "वजन ताईचं होतं ना? मग मोबाइल माझा का घेतला?"

उत्तर द्यायचं काम मी त्याच्या आईवर सोडलं.