१९५३ मध्ये फुटबॉलमध्ये हंगेरीने लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडला ६-३ असं नेमकं कशामुळे हरवलं?

मुख्य कारण म्हणजे हंगेरीचा नऊ नंबरचा, म्हणजे मधला आघाडीवीर हिदेगकुटी पुढे न थांबता मागे, मैदानाच्या मध्यात येऊन खेळला आणि त्याला अडवायचं कुणी, हे इंग्लंडला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. इंग्लंडच्या ‘डब्ल्यू-एम’ रचनेत (मागे तीन बचावपटू असलेली त्या काळची मांडणी) मधल्या बचावपटूचं काम एकच: समोरच्या नऊ नंबरला चिकटून राहणं. इंग्लंडचा तो बचावपटू जॉन्स्टन हिदेगकुटीच्या मागे गेला की पाठीमागे मोठी जागा मोकळी व्हायची आणि तिथे हंगेरीचे आघाडीवीर पुश्काश, कोचिश घुसायचे. जागेवर थांबला तर हिदेगकुटी निवांत चेंडू घेऊन वळायचा. पहिल्याच मिनिटाला त्याने गोल केला, पुढे हॅटट्रिकही. हंगेरीचा तिसरा गोल जरूर बघा: इंग्लंडचा कर्णधार बिली राइट झेपावतो, त्याच क्षणी पुश्काश डाव्या पायाच्या तळव्याने चेंडू मागे ओढतो आणि जवळच्या खांबालगत मारतो. पाऊण शतकानंतरही तो बघताना अंगावर काटा येतो! शिवाय हंगेरीचा मधल्या फळीतला झकारियाश मागे सरकून बचावात चौथा गडी व्हायचा, हे सहसा कुणी सांगत नाही. नऊ नंबरला मागे खेळवण्याची कल्पना मूळची प्रशिक्षक बुकोवी यांची, हंगेरीच्या एमटीके क्लबातली. हंगेरीचे प्रशिक्षक शेबेश यांनी ती राष्ट्रीय संघात वापरली.

एक दुरुस्ती मात्र हवी. हा इंग्लंडचा घरच्या मैदानावर परदेशी संघाकडून पहिला पराभव असं सर्रास लिहितात, पण १९४९ मध्ये आयर्लंडने त्यांना गुडिसन पार्कवर २-० हरवलं होतं. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून पहिला, हे बरोबर.